साधार भीती (विधी)

साधार भीती : पुढे घडू शकणाऱ्या हानीविषयी व्यक्तीच्या मनात असलेली आणि ज्ञात वस्तुस्थितीवरून विचारी माणसालाही रास्त वाटेल अशी धास्ती. कायद्याच्या परिभाषेत हिला ‘रास्त भीती’ किंवा ‘वाजवी आशंका’ असेही म्हणतात. न्यायालयाचे नेहमीचे काम घडून गेलेल्या घटनेचा पुराव्यावरून निर्णय करण्याचे असते. तथापि मनाईहुकूम, अटकपूर्व जामीन, खटल्याची बदली, स्वसंरक्षण, प्रतिबंधक स्थानबद्धता इ. बाबतींत त्याला अद्याप न घडलेल्या किंवा घडता घडता राहिलेल्या घटनेविषयी मत बनवावे लागते. अशा घटनेला साक्षीदार नसतो. असते ती भीती आणि तिच्यामागे असलेली किंवा नसलेली वस्तुस्थिती. नुसती भीती म्हणजे पुरावा नव्हे, हे तत्त्व बहुतेक सर्व विधिपद्धतींत मान्य झालेले आहे. मात्र त्या भीतीचा आधार कोणी तपासावा आणि किती कसून तपासावा, यावर अनेक महत्त्वाच्या वादांचा निकाल अवलंबून राहिला आहे.

भीतीचा व्यवहारावर होणारा परिणाम प्राचीन विधिकारांनी ओळखला होता. बळजबरीने दिलेले, भोगलेले वा लिहवून घेतलेले सर्व काही न केल्यासारखेच समजावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मत्त, उन्मत्त, आर्त, व्यसनी व बालक यांच्या जोडीला भ्यालेल्या माणसाचीही गणना असून अशांनी केलेला व्यवहार सिद्ध होत नाही, असे सांगितले आहे. रोमन विधीत इ. स. पू. पहिल्या शतकात धाकदपटशाने करवून घेतलेल्या व्यवहारांविरुद्ध प्रीटर या न्यायाधिकाऱ्याने दाद देण्यास प्रारंभ केला. ही दाद कोणत्या भीतीसाठी मिळावी, याची कसोटी गायस या विधिज्ञाने घालून दिली : भीती पोकळ मनाच्या माणसाची नसावी, अत्यंत धीराच्या माणसालाही जी वाटेल तीच खरी. व्यक्तीच्या मनातील अवस्था बाहेरच्या मापाने मोजण्याचा हा पहिला ठळक प्रयत्न होय. आजची ‘साधार’ ही अट याच विचाराच्या वंशातली आहे.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याने मात्र धीराच्या माणसाचे माप स्वीकारलेले नाही. कलम १५ नुसार दंडसंहितेने निषिद्ध ठरविलेले कृत्य करण्याची धमकी देऊन संमती मिळविली असेल, तर ती जबरदस्तीने मिळविलेली ठरते. धमकी नसती तर संमती मिळाली नसती, एवढे दाखविणे पुरते. ज्याची संमती अशा रीतीने घेतली गेली, त्याला तो करार रद्द ठरविता येतो. अमीराजू वि. शेषम्मा (१९१७) या मद्रास उच्च न्यायालयातील प्रकरणात एका गृहस्थाने आत्महत्येची धमकी देऊन पत्नी व मुलगा यांच्याकडून आपल्या भावाच्या लाभात हक्कसोडपत्र लिहून घेतले होते. आत्महत्या करणाऱ्याला शिक्षा देता येत नसली, तरी संहितेला ते कृत्य निषिद्धच आहे, असे मानून बहुमताने ते हक्कसोडपत्र जबरदस्तीचे ठरविले. भिन्नमत न्यायाधीशांच्या मते जे शिक्षापात्र नाही ते निषिद्धही नव्हे. कायद्याच्या शब्दांचा काटेकोर विचार करता त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. परंतु त्या मायलेकरांची भीती खरी होती, याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत होते.

फौजदारी विधीत साधार भीतीचे महत्त्व विशेष आहे. शरीराच्या खाजगी संरक्षणाचा हक्क प्रत्यक्ष हल्ला होईपर्यंत थांबत नाही. हल्ल्याच्या प्रयत्नामुळे वा धमकीमुळे धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो आणि भीती असेतोवर टिकतो. भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम १०२ मधील हा नियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४० मध्ये कायम राहिला आहे. हल्लेखोराची काठी उगारलेली असताना तिचा घाव कितपत खोल जाईल, हे माणसाने सोन्याच्या काट्यावर तोलून पाहावे अशी अपेक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. याउलट धमकीला भिऊन स्वतःच गुन्हा करणाऱ्याला कायदा फार थोडी सवलत देतो. त्याला तत्काळ मृत्यूची भीती असली पाहिजे. मनुष्यवध हा खून ठरत असेल किंवा देहान्ताच्या शिक्षेस पात्र असा राज्यविरोधी गुन्हा असेल, तर तीही भीती बचाव म्हणून चालत नाही. दोन्ही ठिकाणी भीती सारखीच तीव्र असू शकते. फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी तिचा भार धोका निर्माण करणाऱ्यावर पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो निरपराध तिऱ्हाइतावर पडतो.

अटकेच्या भीतीला भारतीय कायद्याने स्वतंत्र स्थान दिले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३८ ने (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८२) बिनजामिनी गुन्ह्याच्या आरोपावरून आपणास अटक होईल असे ‘मानण्यास कारण’ असलेल्या व्यक्तीला अटकेपूर्वीच जामीन मागण्याची मुभा दिली. गुरुबक्षसिंग सिब्बिया वि. पंजाब राज्य (१९८०) या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या शब्दांचा अर्थ लावला. पीठाच्या वतीने सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निर्णयात भीती आणि समजूत यांत स्पष्ट भेद केला आहे. नुसते भय ही समजूत नव्हे. कोणीतरी आपल्यावर खोटा आरोप करील, अशा मोघम धास्तीवर जामीन मिळत नाही; ज्या गोष्टींमुळे अटक संभवते त्या न्यायालयापुढे तपासता येतील अशा रीतीने मांडल्या पाहिजेत. कोणत्याही गुन्ह्यात केव्हाही अटक होऊ नये असा सरसकट आदेश देण्यासही न्यायालयाने याच कारणासाठी नकार दिला.

न्यायदानाविषयीच वाटणारी भीती हा आणखी नाजूक विषय आहे. आपल्याला येथे न्याय मिळणार नाही, असे म्हणून पक्षकार खटला दुसरीकडे नेण्याची विनंती करतात. मेनका संजय गांधी वि. राणी जेठमलानी (१९७९) या प्रकरणात मुंबईतील बदनामीचा फौजदारी खटला दिल्लीला हलविण्याची मागणी होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अमान्य केली. पक्षकाराची हळवी मनःस्थिती किंवा गैरसोय पुरेशी नाही, न्यायदान अशक्य व्हावे इतके गंभीर कारण हवे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय आहे. असे कारण प्रत्यक्षात कसे असते, हे बेस्ट बेकरी खटल्याने दाखविले. १ मार्च २००२ रोजी बडोदे येथे चौदा व्यक्तींना ठार मारण्यात आले. जून २००३ मध्ये तेथील शीघ्रगती न्यायालयाने सर्व २१ आरोपींची निर्दोष सुटका केली, कारण प्रमुख साक्षीदारांनी जबान्या फिरविल्या होत्या. भयापोटी आपण खोटे बोललो, असे मुख्य साक्षीदाराने नंतर सांगितले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणीचा आणि तीही महाराष्ट्रात घेण्याचा आदेश दिला. मुंबई सत्र न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना दोषी ठरविले व २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली. दरम्यान याच साक्षीदाराने जबानी पुन्हा बदलली आणि तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद झाली. खटल्याची जागा बदलता येते, साक्षीदाराचे घर व शेजार बदलत नाही, ही अडचण या प्रकरणाने पुढे आणली. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली आणि विधिमंडळाचा कायदा होईपर्यंत तीच कायदा म्हणून पाळावी, असे ठरविले.

आरोपीच्या भीतीचा विचार कबुलीजबाबाच्या नियमांत होतो. पुराव्याच्या १८७२ च्या अधिनियमाने धाक वा आमिष यांमुळे दिलेला कबुलीजबाब अग्राह्य ठरविला आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली तर धाक सिद्ध झाला नसला, तरी आरोपीविरुद्ध वापरण्यास मनाई केली. पोलीस चौकीत भीती असणारच, असे हा नियम गृहीत धरतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ यातही तो आहे. परंतु समाजच जेव्हा भयग्रस्त असतो, तेव्हा हे गृहीत बाजूस सारले जाते, असा अनुभव आहे. ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याने (१९८७) पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य ठरविला. कर्तारसिंग वि. पंजाब राज्य (१९९४) या निर्णयात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही तरतूद वैध ठरली. १९९३ मधील मुंबई बाँबस्फोटांचा खटला याच कायद्याखाली चालला. टाडाची मुदत १९९५ मध्ये संपली, तरी महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मकोका) याच्या कलम १८ मध्ये तशीच तरतूद आहे.

अनिश्चित हानी व विज्ञान : शेजाऱ्याच्या कृत्यामुळे पुढे नुकसान होईल या भीतीपोटी मागितलेल्या मनाईहुकुमाची कसोटी इंग्लंडमध्ये फ्लेचर वि. बीली (१८८५) या खटल्यात स्पष्ट झाली. वादी हा अर्‌वेल नदीच्या पाण्यावर कागद तयार करणारा कारखानदार होता. प्रतिवादीने नदीकाठी क्षारनिर्मितीतील टाकाऊ द्रव्याचे ढीग रचण्यास सुरुवात केली. अशा ढिगांतून काही वर्षांनी हिरवट द्राव पाझरतो व तो नदीत गेल्यास कागदाचा धंदा बुडेल, अशी वादीची तक्रार होती. धोका निकटचा व नुकसान भरीव असल्याचा पुरावा नाही आणि द्राव नदीत जाऊ न देण्याचे उपाय दरम्यान सापडू शकतात, म्हणून न्यायालयाने दाद नाकारली. पुढे धोका खरोखर जवळ आल्यास नवा दावा लावण्याची मोकळीक मात्र ठेवली. थोडक्यात, अनिश्चिततेचा भार भीती बाळगणाऱ्यावर पडला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पर्यावरणविषयक वादांत हा भार उलट फिरविण्यात आला. तमिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रदूषणासंबंधीच्या वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम वि. भारत सरकार (१९९६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व भारतीय विधीचा भाग असल्याचे सांगितले. गंभीर हानीचा धोका असेल तेथे वैज्ञानिक खात्रीचा अभाव हे प्रतिबंधक उपाय लांबणीवर टाकण्याचे निमित्त होऊ शकत नाही आणि आपला उद्योग निरुपद्रवी आहे हे उद्योजकाने दाखवावे, असे हे तत्त्व आहे. आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ वि. नायडू (१९९९) या प्रकरणात न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांनी न्यायालयाची मर्यादाही मांडली. विज्ञानाचे निष्कर्ष स्वभावतःच तात्पुरते असतात, न्यायालयाला मात्र आजच निर्णय द्यावा लागतो. म्हणून असे प्रश्न तज्ज्ञांचा समावेश असलेल्या न्यायाधिकरणांकडे जावेत, असे त्यांनी सुचविले. नर्मदा बचाव आंदोलनाच्या याचिकेत (२०००) मात्र न्यायालयाने हे तत्त्व लागू केले नाही. धरणाचे परिणाम अज्ञात नसून परिचित आहेत, असे बहुमताचे म्हणणे पडले. ज्यांची गावे पाण्याखाली जाणार होती त्यांच्या दृष्टीने परिणाम ज्ञात असणे हे आश्वासन नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे.

मार्च २०११ मधील जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातील अपघातानंतर तमिळनाडूतील कुडनकुलम प्रकल्पाविरुद्ध किनाऱ्यावरील लोकांनी आंदोलन केले. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प थांबविण्यास नकार दिला. लोकांची भीती कितीही प्रामाणिक असली, तरी प्रकल्पाच्या समर्थनार्थ असलेल्या कारणांवर ती मात करू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी सुरक्षेसंबंधी पंधरा निर्देशही दिले. अशा प्रकरणांतील निकालांचा हाच सामान्य कल दिसतो. भीती दाव्याचे फळ मिळविण्यास अपुरी पडते, पण प्रतिपक्षावर अटी लादण्यास पुरते.

हानीचे बीज शरीरात पडले आहे, पण रोग झालेला नाही, अशा स्थितीत भीतीचे मोल करावे काय, हा प्रश्न निराळा आहे. ॲस्बेस्टसच्या संपर्कामुळे फुप्फुसावरणावर निरुपद्रवी चट्टे उमटलेल्या कामगारांनी भावी रोगाच्या चिंतेबद्दल मागितलेली भरपाई इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने २००७ मध्ये नाकारली. स्कॉटलंडच्या संसदेने २००९ मध्ये कायदा करून आपल्या प्रदेशापुरता तो निर्णय निष्प्रभ केला. भोपाळ वायुदुर्घटनेच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९१ मध्ये तिसरा मार्ग काढला. विषारी वायूच्या संपर्कात आलेल्या, पण तोवर लक्षणे न दिसलेल्या सु. एक लाख व्यक्तींसाठी सरकारने विमासंरक्षण घ्यावे, असा आदेश त्याने दिला.

राज्यसंस्थेची भीती : आतापर्यंत उल्लेखिलेल्या प्रकरणांत भीती पक्षकाराची आणि तपासणी न्यायालयाची, अशी विभागणी आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेत शासन स्वतःच भीती बाळगणारा पक्ष असते. अमुक व्यक्ती मोकळी राहिल्यास विघातक कृत्य करील, या धास्तीने ते तिला खटल्यावाचून अडकवून ठेवते. युद्धकाळात तीच धास्ती न्यायाधीशांच्याही मनात असते, आणि आधार तपासण्याचा नियम नेमका येथे डळमळतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या संरक्षण नियमावलीतील नियम १८ बी नुसार गृहमंत्र्याला, एखादी व्यक्ती शत्रूशी संबंधित असल्याचे ‘मानण्यास वाजवी कारण असेल’ तर, तिला स्थानबद्ध करता येत असे. लिव्हर्सिज वि. अँडरसन (१९४१) या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या चार न्यायाधीशांनी, गृहमंत्र्याला कारण वाजवी वाटले एवढे पुरे, असा अर्थ लावला. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी विरोध केला. ‘वाजवी कारण असणे’ आणि ‘वाजवी कारण आहे असे वाटणे’ या दोन भिन्न गोष्टी होत, हा त्यांचा मुद्दा होता. शस्त्रांच्या खणखणाटातही कायदा मुका होत नाही, असे त्यांनी बजाविले. त्यांच्या सहकाऱ्यांना ते रुचले नाही. सुमारे चार दशकांनंतर १९७९ मध्ये त्याच सभागृहात ॲटकिन यांचेच मत बरोबर होते, हे मान्य करण्यात आले.

हाच शब्दांचा प्रश्न भारतात दोन वर्षांनी उभा राहिला. भारत संरक्षण अधिनियमाने ‘वाजवी संशय’ असलेल्या व्यक्तीस अडकविण्याविषयी नियम करण्याचा अधिकार दिला होता. प्रत्यक्ष नियम २६ मध्ये मात्र शासनाचे ‘समाधान’ पुरेसे मानले होते. मुंबई प्रांतातून आलेल्या केशव तळपदे वि. राजसत्ता (१९४३) या अपिलात फेडरल न्यायालयाने, सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश असताना, हा नियम अधिकारबाह्य ठरविला. युद्ध ऐन भरात असताना व ‘छोडो भारत’ आंदोलनाला वर्षही झालेले नसताना दिलेला हा निर्णय धैर्याचा म्हटला पाहिजे. शासनाने लगोलग वटहुकूम काढून कायद्याचेच शब्द पूर्वलक्षी प्रभावाने बदलले.

अमेरिकेत पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावयास लावून छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. कोरेमात्सु वि. अमेरिकेची संयुक्त संस्थाने (१९४४) या निर्णयात सहा विरुद्ध तीन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने लष्कराचा हकालपट्टीचा आदेश उचलून धरला. देशद्रोही कोण, हे निवडून काढण्यास वेळ नाही, ही लष्कराची धास्ती बहुमताने तपासल्याविना स्वीकारली. त्या धास्तीला छेद देणारी माहिती शासनाने न्यायालयापासून दडविली होती, हे पुढे उघड झाले आणि १९८३ मध्ये कोरेमात्सुची दोषसिद्धी रद्द झाली. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायद्याने क्षमायाचना करून हयात असलेल्यांना भरपाई दिली. मूळ निर्णय चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले.

भारतात २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्यात आली व ‘मिसा’ या कायद्याखाली हजारो व्यक्ती स्थानबद्ध झाल्या. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याची मुभा राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाली होती. तरीही आदेश कायद्यानुसार आहे की नाही, एवढे पाहण्याचा अधिकार आपणास आहे, असे नऊ उच्च न्यायालयांनी ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांत होते. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर वि. शिवकांत शुक्ला या अपिलात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हे निर्णय फिरविले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी, एखाद्या अधिकाऱ्याने आकसाने कोणाचा प्राण घेतला तर काय, असे महान्यायवादी निरेन डे यांना विचारले असता, आदेश जारी असेतोवर त्यावरही दाद नाही, असे उत्तर मिळाले होते. खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले व खन्ना यांनी राजीनामा दिला. बहुमतात य. वि. चंद्रचूडही होते. अटकेच्या भीतीचा आधार न्यायालयाने तपासलाच पाहिजे, हे वर उल्लेखिलेले त्यांचे प्रतिपादन याच्या चार वर्षांनंतरचे आहे. त्यांच्याच सहकारी न्यायमूर्ती भगवती यांनी त्यापूर्वी खुदीराम दास प्रकरणात (१९७५) स्थानबद्ध करणाऱ्या अधिकाऱ्याचे ‘समाधान’ कोणत्या मर्यादित कारणांवरून तपासता येते, याची तपशीलवार चर्चा केली होती. तो अधिकार आणीबाणीच्या काळात त्यांनीही गुंडाळून ठेवला.

चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७८) ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांऐवजी ‘सशस्त्र बंड’ असे शब्द घातले आणि अनुच्छेद २० व २१ मधील हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित होणार नाही, असे ठरविले. जबलपूर प्रकरणातील बहुमत ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी वि. भारत सरकार या खाजगीपणाच्या हक्काविषयीच्या निर्णयात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने औपचारिक रीत्या रद्द केले. त्या संबंधीचा भाग लिहिणारे न्यायमूर्ती ध. य. चंद्रचूड हे य. वि. चंद्रचूड यांचे पुत्र होत.

प्रतिबंधक स्थानबद्धता मात्र संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार शांततेच्या काळातही चालू आहे. राष्ट्रीय सुरक्षा अधिनियम (१९८०) आणि झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अंमली पदार्थविषयक गुन्हेगार इत्यादींसाठी महाराष्ट्राने केलेला १९८१ चा अधिनियम यांत अधिकाऱ्याचे समाधान हाच आदेशाचा पाया आहे. ते समाधान बरोबर होते की नाही, हे न्यायालय पाहत नाही. आधारभूत घटना व आदेश यांत फार कालावधी लोटला काय, महत्त्वाचे कागद अधिकाऱ्यापुढे होते काय, स्थानबद्धाला त्याच्या भाषेत कारणे वेळेवर कळविली काय आणि त्याच्या निवेदनाचा विचार विनाविलंब झाला काय, एवढेच ते पाहते. मुंबई उच्च न्यायालयात रद्द होणारे स्थानबद्धतेचे आदेश बहुधा अशाच एखाद्या मुद्द्यावर रद्द होतात.